उतरायची जागा सांगायची नाही

नवाबभाईंविषयी मला फार थोडं ठाऊक आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यांची पत्नी कधी वारली, तिचं नाव काय होतं, हे मी कधी विचारलं नाही. ते चहात साखर घेत की नाही हेही मला नक्की सांगता येणार नाही. मी त्यांच्या घरी गेलो त्या दिवशी घेतली होती, पण ती पाहुण्याच्या सोबतीनं घेतली असेल. मी त्यांना प्रत्यक्ष दोनदा पाहिलं. बाकी सगळं फोनवर. दोनदा पाहिलेल्या माणसावर लिहिण्याचा आपल्याला काय हक्क, या विचारात पंधरा दिवस गेले. त्यातून मला लिहायची सवय नाही. चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. आलेल्या पत्राचा विषय एका ओळीत नोंदवायचा, मजकुरात शिरायचं नाही, एवढंच माझं लिखाण.

तरी लिहितो, कारण आमच्या गटात एक प्रश्न विचारला गेला आहे आणि त्याचं उत्तर फक्त माझ्याकडे आहे.

गट म्हणजे व्हॉट्सॲपवरचा. नाव 'फलाट चार'. गोंडपिपरीच्या वाचनालयात काम करणाऱ्या दिव्यानीनं तो चार वर्षांपूर्वी काढला. चंद्रपूर आणि गडचिरोलीकडचे आम्ही साठेक लोक त्यात आहोत. वाचलेली गोष्ट दुसऱ्याला सुचवायची, एवढंच काम. पण सुरुवातीला लोक सुचवता सुचवता सगळीच सांगून मोकळे होत. 'शेवटी तो तिचा सख्खा भाऊ निघतो, अवश्य वाचा,' असं एकानं लिहिलं होतं. मग वाचायचं काय?

त्यावर नवाबभाईंनी तोड काढली. नवाब शेख एसटीत कंडक्टर होते. नोकरीची शेवटची बारा वर्षं एटापल्लीच्या मुक्कामी गाडीवर. गाडी दिवस असताना तिथं पोचायची आणि सकाळी परत निघायची. ड्रायव्हर आंघोळीला गेला की हे मागच्या लांब सीटवर पुस्तक घेऊन बसायचे. तेव्हा त्या रस्त्याला एवढे ट्रक नव्हते, असं ते सांगत. गोष्टीची लांबी ते पानांत मोजत नसत, थांब्यांत मोजत. आलापल्ली ते अहेरी म्हणजे बसता बसता संपणारी. चंद्रपूर ते गोंडपिपरी म्हणजे एका दुपारची. सिरोंचा म्हणजे जाडजूड कादंबरी, घरी सांगून निघायचं.

दर रविवारी सकाळी गटात त्यांची आवाजाची क्लिप येई. तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा त्यांनी जपून ठेवला होता. आधी त्याचं टक्-टक् ऐकू येई, मग त्यांचा आवाज.

"चला, आलापल्लीवाले, आलापल्लीवाले! आजची गोष्ट आष्टी ते आलापल्ली. रस्ता चांगला आहे, भाषेत खड्डे नाईत. बाजूच्या शिटावर एक बुढी येऊन बसन. तिच्यासंग बोला, पन थैलीत काय आहे ते इचारू नका. चपला काढू नका, कवा उतरा लागन ते सांगता येत नाई."

बस. लोक ते पुस्तक शोधत सुटत. त्यांचे नियम दोन. चढायची जागा सांगायची, उतरायची नाही. आणि जो स्वतः शेवटपर्यंत जाऊन उतरला नाही, त्यानं दुसऱ्याला चढवायचं नाही.

मी गटात वर्षभर नुसता वाचत होतो. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा दूर आहे, भद्रावतीत दोन खोल्यांत मी असतो. दिवसभर फोन हाती असला तरी चार लोकांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते, मग ते लोक फोनमधले का असेनात. एकदा धीर करून लिहिलं: 'एक चांगली गोष्ट. भद्रावती ते ताडाळी. घोडपेठ गेल्यावर रुमाल हाताशी ठेवावा.'

दोन मिनिटांत धनराजचा निरोप आला. धनराज कोरपन्याकडचा, कापूस पिकवतो, आणि गटात कुणालाही सोडत नाही.

'म्हंजे मेलं कोनीतरी! बापूरावभाऊ, बसाले जागा भेटाच्या आंधीच तुमी आमाले मयतीत उतरवलं.'

खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. मी माझं लिहिलेलं पुसलं, तर तिथं 'हा संदेश काढून टाकला आहे' असं उमटलं. ते तर जास्तच वाईट दिसत होतं. गट सोडायचा कसा, ते बटण शोधत बसलो होतो, तेवढ्यात अनोळखी नंबरावरून फोन आला.

"मी नवाब बोलून राह्यलो. बापूरावभाऊ काय?"

"हो."

"गोष्ट कोनती हाय ते सांगा ना. मले वाचाची आहे."

"आता काय वाचता. मी तर सगळं सांगून बसलो."

"काही नाई सांगितलं. फक्त रुमाल सांगाचा नाई, भाऊ. रुमाल ज्याचा त्यानं काढाचा. कोनी घोडपेठले काढन, कोनी घरी जाऊन काढन. आन् त्या धनराजचं मनावर घेऊ नका. त्याले वीस रुपयाच्या तिकिटात सारं गाव फिराचं असते."

मी हसलो. आपण हसलो हे माझ्या लक्षात आलं तेव्हा फोन ठेवून झाला होता.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी कधी ते फोन करत, कधी मी. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी त्यांना एक कादंबरी पाठवायचं ठरवलं. ते बल्लारशाला राहत. आमच्याकडून तिकडे वस्तू पाठवायची तर पोस्टात कोण जातो. वर्तमानपत्रात गुंडाळायची, सुतळी बांधायची आणि गाडीवरच्या कंडक्टरकडे द्यायची, नवाबभाईंचं नाव सांगायचं. त्यांना खात्यात सगळे ओळखत. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"भेटलं, भाऊ. दोन पानं झाली बी. सुरुवात मस्त आहे."

दुसऱ्या दिवशी अंथरूण झटकताना उशाखालून ती कादंबरी निघाली. मी कागदात गुंडाळून पाठवली होती ती डायरी होती. निवृत्तीच्या दिवशी कचेरीनं दिलेली, काळ्या पुठ्ठ्याची, तेवढ्याच आकाराची. माझं नाव आणि कचेरीचा शिक्का सोडला तर त्यात एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

ती कादंबरी हातात धरून मी बराच वेळ खाटेवर बसून राहिलो. फोनवर ते थट्टा करत होते म्हणावं तर नवाबभाईंनी ती कोरी पानं पाहून आधी मलाच हसून घेतलं असतं. दोन दिवस काय करावं ते कळेना. तिसऱ्या दिवशी कादंबरी पिशवीत घालून निघालो, चंद्रपूरला गाडी बदलली आणि विचारत विचारत त्यांच्या घरी गेलो.

रेल्वे लायनीच्या बाजूला दोन खोल्यांचं घर. दारापुढे प्लास्टिकच्या खुर्चीत उंच, हाडकुळा माणूस उन्हाला पाठ करून बसला होता. घरात भाची निशात असते, पण ती दिवसभर तिच्या शिलाईच्या दुकानात. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मान वर केली आणि माझ्या खांद्याच्या थोडं पलीकडे पाहिलं.

"कोन?"

"बापूराव."

"अरे! बसा ना, बसा." त्यांनी हातानं चाचपून शेजारचं स्टूल पुढे सरकवलं. डायरी मांडीवरच होती.

मी मनात एक वाक्य जुळवून आलो होतो. ते म्हणालो. "डॉक्टरांनी मला मोठ्यानं वाचायला सांगितलंय, घशासाठी. तुम्ही ऐकायला तयार असाल तर हे पुस्तक..."

नवाबभाईंनी मान माझ्याकडे वळवली. मग डायरीवर बोटं फिरवत म्हणाले, "हे जे तुमी पाठवलं, याच्यात काय लिवलं आहे?"

"काही नाही. कोरी डायरी आहे. माझ्या हातून चूक झाली."

मला वाटलं, आता ते आत निघून जातील. पण ते हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"तरीच सुरुवात मस्त वाटली!"

मग त्यांनी सांगितलं. साखरेनं डोळे गेले. एक आधीच गेला होता, दुसऱ्यात आता फक्त उजेड-अंधार कळत होता. गेल्या वर्षभरातल्या क्लिपा सगळ्या पूर्वी वाचलेल्या गोष्टींवरच्या होत्या, आठवणीतून. तो साठा आता संपत आला होता. निशातला डोळ्यांचं ठाऊक होतं, पण ती थकून घरी येते, तिला वाचायला सांगवत नाही, म्हणाले.

"गटात सांगू नका, भाऊ."

"पण त्यात लपवायचं काय? लोक मदत करतील."

"तेच तं. आज मले लोक इचारतात, नवाबभाई, कोनती गोष्ट वाचू? उद्या इचारतील, नवाबभाई, तब्येत कशी आहे? एकडाव तब्येत इचारली का गोष्ट कोनी इचारत नाई. माह्यापाशी दुसरं काय आहे आता?"

मी शब्द दिला. त्या दिवशी तीस पानं वाचली. शेजारच्या घरून चहा आला, साखरेचा.

तेव्हापासून रोज दुपारी फोन. मी दुपारची भांडी घासून, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून वाचायला बसायचो. माझा आवाज बारीक आहे आणि जोडाक्षरांना अडखळतो. ते कधी मध्ये बोलत नसत. रेल्वे गेली की मी थांबायचो, कारण त्यांच्याकडून तिचा आवाज यायचा, आणि डबे मोजल्यासारखे आम्ही दोघे गप्प बसायचो. एक पुस्तक पुरं झालं की रविवारी गटात टक्-टक् वाजे आणि साठ लोक म्हणत, काय माणूस आहे, कुठून शोधून काढतो! मला फार आनंद व्हायचा. तो कुणाला सांगता येत नव्हता, पण तसा तो पुष्कळ होता.

मागच्या जानेवारीत दिव्यानीनं सगळ्यांना चंद्रपूरला एकत्र बोलावलं. एका वाचनालयाची खोली, वीस-पंचवीस लोक. निशात मामूंना दारापर्यंत सोडून दुकानासाठी कापड आणायला गेली. मी त्यांना कोपरानं धरून आत आणलं, दोन म्हातारे एकमेकांच्या आधारानं चालतात तसं, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. ती दुसरी भेट.

सगळं नीट चाललं होतं. मग दिव्यानीनं एका नव्या गोष्टीचे छापलेले कागद काढले आणि पहिला नवाबभाईंच्या हातात दिला.

"पहिलं पान तुमच्या आवाजात, नवाबभाई. वाचा ना."

नवाबभाईंनी खिसे चाचपले. "चष्मा राह्यला वाटते घरी."

"माहा घ्या ना!" धनराजनं स्वतःचा चष्मा काढून त्यांच्या हातात ठेवला. "आज सोडत नाई तुमाले. रविवारी लय हिंडवता आमाले."

लोक हसले. नवाबभाईंनी तो चष्मा लावला आणि कागद डोळ्यांसमोर धरला. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. मी शेजारीच होतो. मी कधी कुणापुढे बोललो नाही. लग्नात उखाणासुद्धा दुसऱ्यानं घेतला होता माझा. पण मी उभा राहिलेला होतो.

"मी वाचतो," मी म्हणालो.

"तुमी?" धनराज म्हणाला. "बापूरावभाऊ, आताच सांगा, रुमाल काढून ठेवू काय?"

पुन्हा सगळे हसले. मी कागद घेतला. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला, एक ओळ दोनदा वाचली, मान खाली ठेवून कसंबसं पान संपवलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, दयेनं असतील. नवाबभाईंनी चष्मा काढून धनराजपुढे धरला.

"घे बाबा तुहा चष्मा. याचा नंबर लय तेज आहे. याच्यातून मले तुहं कर्ज माफ झालेलं दिसून राह्यलं."

त्या हशात विषय बुडाला. परत जाताना बसस्टँडवर ते मला एवढंच म्हणाले, "शेवटची ओळ तुमी घाईनं वाचली. पान उलटताना घाई करा, ओळीत नाई." आभार वगैरे काही नाही. ते मला बरं वाटलं.

उन्हाळा संपताना आम्ही एक फार मोठी कादंबरी घेतली. 'सिरोंच्याच्याही पुढं,' असं ते म्हणाले. तिचं नाव मी सांगत नाही, कारण पुढे येईल. त्यांची मला एक ताकीद होती. एकट्यानं पुढचं वाचायचं नाही. एका संध्याकाळी मला राहवलं नाही. घरात कुणी नव्हतं, म्हणजे कधीच नसतं, आणि पुस्तक समोर होतं. चाळीस पानं पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी काही न बोलता आदल्या जागेवरून वाचायला लागलो. पाचव्या ओळीलाच त्यांनी थांबवलं.

"तुमी जाऊन आले."

"कुठं?"

"पुढं. त्या पोरीचं नाव काल तुमी सादं घेत होते. आज जपून घेऊन राह्यले. तिचं काहीतरी होनार आहे. सांगू नका! पन भाऊ, आवाजात उतराची जागा येते."

मी माफी मागितली. त्या दिवसापासून न वाचलेल्या पानांना मी रबर लावून ठेवू लागलो.

कादंबरी मोठी, त्यात माझा घसा, त्यात त्यांच्या दवाखान्याच्या खेपा. दोन महिने रविवारची क्लिप गेली नाही. लोक गटात हाका मारू लागले. 'नवाबभाई, पुढची गाडी कवा?' मग ऑगस्टच्या शेवटी कुणीतरी लिहिलं: 'नवाबभाई, तब्येत बरी आहे ना?' त्याखाली आणखी सात जणांनी तेच विचारलं.

मी ते त्यांना वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं.

"आला का तो सवाल," ते म्हणाले. "चला भाऊ, पाय उचला. हे पुस्तक संपवू आन् या रविवारी टक्-टक् करू. मंग पाहा, सारे गोष्टच इचारतात का नाई."

वाटलं तर काहीही बोलून त्यांना वेळ मारून नेता आली असती. पण शेवटपर्यंत गेल्याशिवाय दुसऱ्याला चढवायचं नाही, हा नियम त्यांचाच होता.

त्या आठवड्यात आम्ही रोज वीस-वीस पानं केली. शुक्रवारी माझं वाचन थांबलं तेव्हा एकवीस पानं उरली होती. शनिवारी सकाळी साडेअकराला मी फोन उघडला, तर गटात नवाबभाईंच्या फोनवरून निशातचा निरोप होता. मामू पहाटे गेले. दुपारच्या नमाजनंतर नेणार. खाली तिनं लिहिलं होतं की मामूंना दोन वर्षांपासून दिसत नव्हतं, तरी तुमच्या गटामुळे ते आनंदात होते.

मी कपडे बदलून स्टँडवर गेलो. चंद्रपूरची गाडी लागलेली होती, कदाचित पोचलो असतो. पण तिथं मी कोण म्हणून उभा राहणार होतो? निशातलाही माझं नाव नीट ठाऊक नसेल. गाडी गेली. मी घरी आलो.

गटात त्या दिवशी पुष्कळ लोकांनी लिहिलं. धनराजनं फक्त एवढंच लिहिलं, 'मी त्याईले माहा चष्मा लावला होता.' त्याच्यानंतर दोन दिवसांनी दिव्यानीनं विचारलं, 'दोन वर्षं दिसत नव्हतं, तर मग नवीन पुस्तकं वाचत कोण होतं?' तोच तो प्रश्न. मी काही बोललो नाही. लोकांना वाटलं, निशात. निशातला वाटलं, कुणी शेजारी.

पंधरा दिवसांपूर्वी निशातनं एक पुडकं भद्रावतीच्या गाडीवर पाठवलं. आत ती काळी डायरी होती. सोबत चिठ्ठी: 'मामूंच्या उशाशी होती, आत तुमचं नाव आणि भद्रावतीच्या कचेरीचा शिक्का आहे.' त्या डायरीतच हे लिहितो आहे. पहिली दोन पानं सोडली आहेत. ती त्यांची वाचून झालेली आहेत.

तर दिव्यानी, वाचत मी होतो. कादंबरीचं नाव मात्र विचारू नका. ती नवाबभाईंनी सुचवायची होती आणि ते अजून उतरले नव्हते. मीही उतरलेलो नाही. एकवीस पानांना रबर तसंच आहे.

एक गोष्ट राहिली, आणि ती सांगितली नाही तर हे सगळं खोटं होईल. त्या शुक्रवारी आम्ही थांबलो ते नवाबभाईंच्या म्हणण्यावरून नाही. त्यांनी विचारलं होतं, "थोडंसंच राह्यलं ना? आजच उतरून जाऊ काय?" तासाभराचं काम होतं. माझा घसाही ठीक होता. पण पुस्तक संपलं की शनिवारी दुपारी फोन करायला काही कारण उरणार नव्हतं. नवं पुस्तक ठरेपर्यंत चार-पाच दिवस जात, आणि ते दिवस माझ्यानं निघत नसत. म्हणून मी म्हणालो, "आज घसा बसलाय. उद्या करू."

"बरं," ते म्हणाले. "उद्या तीनले?"

"तीनला नळ येतो. साडेतीनला करतो."

"चालते. घशाले मीठपान्याच्या गुळण्या करा."

"करतो," मी म्हणालो.